आवाज आला का?

पिपाणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारली, आणि रस्त्याच्या पार टोकाला दुकानात उभ्या असलेल्या नवऱ्याला ती ऐकू गेली. घराला आग लागली की काय, म्हणून बिचारा हातातलं सामान तिथेच टाकून धावत आला. तर हिला मिठाची बरणी सापडत नव्हती. "तू बाई आहेस की पिपाणी?" तो धापा टाकत म्हणाला, आणि ते नाव तिला चिकटलं ते कायमचंच. आवाज होताच तसा, बारीक, उंच, टोकदार. माहेरी त्या आवाजापायी तिने पुष्कळ बोलणी खाल्ली होती. नवरा मात्र म्हणायचा, "शंभर इंजिनं चालू असली ना, तरी तुझी हाक मला ऐकू येईल." हे वाक्य तिने जपून ठेवलं होतं. आपणही ठेवू, पुढे लागणार आहे.

नवरा गाड्यांच्या गॅरेजात मिस्तरी. तिथे त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, त्याचा कान होता तो इंजिनाचा. गिऱ्हाईक फाटकातून गाडी आत घेईपर्यंत हा हात पुसत सांगायचा, "पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय," आणि चाक उघडलं की तेच निघायचं. मालक नव्या गिऱ्हाइकांना मुद्दाम त्याच्यापुढे आणून उभं करायचा. कानसेन वरवर लाजायचा, पण घरी आला की दिवसभराचे सगळे आवाज तोंडाने काढून दाखवायचा. सैल पट्टा असा वाजतो, घासलेला ब्रेक असा किंचाळतो. लेक लहान होती तेव्हा ती हसून हसून जमिनीवर लोळायची.

पिपाणी रफूचं काम करायची. वरच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीशी तिची खुर्ची, कारण तिथे उजेड चांगला. सिगारेटने पडलेलं भोक, कसर लागलेली लोकर, खिळ्यात अडकून फाटलेली कोटाची बाही, लोक काय काय आणून द्यायचे. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून दोरे काढून ती अशी वीण घालायची, की गिऱ्हाईक कोट उलटसुलट करून विचारायचं, "फाटला होता तो कुठे?" एवढं ऐकलं की तिचा दिवस सार्थकी लागायचा. झाकण्याची कला तिच्या बोटांत होती, आणि कला अंगात असली की माणूस ती भलत्या ठिकाणीही वापरतो.

आता त्या गाडीबद्दल सांगायला हवं. कुणा हौशी माणसाने आपटून चेंदामेंदा केलेली, बसकी, लांब नाकाची गाडी कानसेनने भंगारात जाता जाता वाचवली आणि सुट्टीच्या दिवशी एकेक भाग जोडत उभी केली. उभी म्हणजे तरी किती, जमिनीपासून चार बोटं. लेकीने तिचं नाव घोरपड ठेवलं. घर होतं उंचावर आणि रस्ता खाली, मध्ये एक उथळ नाली, आणि नालीपासून थेट गाडीच्या खोलीपर्यंत छातीवर येणारा सिमेंटचा रॅम्प. तो बांधणाऱ्याकडे एक तर जीप असावी किंवा अक्कल नसावी. घोरपडीचा आणि त्या रॅम्पचा पहिल्या दिवसापासून छत्तीसचा आकडा. सरळ चढवायला गेलं की नाक नालीच्या कडेवर आपटणार, नाक वाचलं तर पोट घासणार.

पण कानसेनने त्यावर तोड काढली. तो रस्त्याच्या पलीकडच्या अंगाने तिरका यायचा. आधी एक चाक रॅम्पच्या कडेवर, मग गाडी किंचित कलती ठेवून दुसरं, मग हळूच चाक सरळ करत वर. यात अडचण एकच. चढायला लागली की घोरपडीचं नाक इतकं उचललं जायचं, की आतल्या माणसाला ना रॅम्प दिसायचा, ना भिंत, ना समोरचं शटर. "मला फक्त आभाळ दिसतं आणि तुझी खिडकी," तो सांगायचा. म्हणून त्याचे डोळे म्हणजे पिपाणीचा आवाज. संध्याकाळी खालून दोनदा हॉर्न वाजला की ती सुई टोचून ठेवून खाली धावायची, बंद शटरसमोर रॅम्पच्या डोक्यावर उभी राहायची आणि सुरू करायची, "या, या... अजून डावीकडे... इंचभर मागे... हां, आता या... थांबा!" थांबा म्हटलं की घोरपड जागच्या जागी थांबायची. मग ती गाडीकडे पाठ करून दोन्ही हातांनी शटर वर ढकलायची. त्या शटरची स्प्रिंग मेलेली होती, त्यामुळे ते आधीपासून उघडं राहत नसे. गाडी आत सरकेपर्यंत डोक्यावर धरून उभं राहावं लागे. जगाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या घरी शटर नादुरुस्त, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गाडी आत गेली की तो उतरून पहिला प्रश्न विचारायचा, "आवाज आला का?" म्हणजे गाडी कुठे घासली का?

"नाही," ती म्हणायची.

"बघ!" असं म्हणून तो किल्ली बोटावर फिरवत जिना चढायचा. इतकी वर्षं झाली, पण घोरपडीला त्या रॅम्पवर एक ओरखडा नव्हता. लेक मोठी झाल्यावर कधीकधी आईच्या जागी ती उभी राहायची, आणि तिच्या "थांबा बाबा"वरही गाडी तशीच थांबायची. त्या घरात गाडीसमोर पाठ करून उभं राहायला कुणाला कधी भीती वाटली नाही. भीती कशाला वाटेल? आत बसला होता तो कानसेन होता.

त्याला इंजिनाचा कान ज्याने दिला, तो म्हातारा मिस्तरी उतारवयात बहिरा झाला. मालकाने त्याला काढलं नाही, फाटकाशी स्टुलावर बसवलं, पुसायचा कपडा हातात देऊन. पोरं त्याच्या पाठीमागे उभी राहून त्याला नको नको ते बोलायची आणि सगळे हसायचे. कुणीतरी हसतंय एवढं त्याला दिसायचं, म्हणून तोही हसायचा. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी कानसेन घरी येऊन जेवला नाही. पिपाणीने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं, आणि शेवटी तिचा हात धरून म्हणाला, "माझ्यावर अशी पाळी आली ना, तर मला सांगू नकोस. काय वाट्टेल ते कर, पण मला कळू देऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली. माणूस दुःखात असला की आपण बरं म्हणतो. ती बिचारी त्या शब्दात बांधली गेली.

तो शब्द पाळायची वेळ एका साध्या संध्याकाळी आली. हॉर्न वाजला, ती खाली गेली, "या, या" सुरू झालं. घोरपडीचं दुसरं चाक कडेवर यायच्या आत ती ओरडली, "मागे घ्या! मागे!" पण गाडी मागे गेली नाही. ती पुढेच आली, आणि बंपरखालची काळी पट्टी सिमेंटवरून अशी करकरत गेली की पिपाणीच्या दाढा दुखल्या. समोरच्या बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालणारे निवृत्त मास्तर झारी सोडून कानांवर हात ठेवून उभे राहिले. मग ती "थांबा" म्हणून शटरकडे वळली. गाडी थांबली, पण जरा उशिरा, तिच्या पोटऱ्यांना इंजिनाची ऊब लागेल इतकी जवळ येऊन.

आत गेल्यावर कानसेन हसत उतरला. "आवाज आला का?"

तिला वाटलं, थट्टा करतोय. तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. समोर मास्तर काहीतरी सांगायला बोट वर करत होते. तिने त्यांच्याकडे बघून गुपचूप हात जोडले.

"नाही," ती म्हणाली.

"बघ!" तो म्हणाला आणि किल्ली फिरवत वर गेला.

ती मात्र खालीच उभी राहिली. 

कान काही एका दिवसात जात नाही. तो वरच्या पट्टीपासून निघून जायला लागतो, आणि ज्याचा जातो त्याला वाटतं, जगच जरा शांत झालंय. आधी पाखरं गेली असणार, मग दाराची घंटी, मग कुकरची शिट्टी. ट्रकची घरघर शाबूत होती, दार आपटलं तर तो दचकायचा, गॅरेजातल्या रंगाऱ्याचा घोगरा आवाज त्याला स्वच्छ ऐकू यायचा. जे गेलं ते बारीक, उंच आणि टोकदार तेवढंच. म्हणजे साऱ्या माणसांत सगळ्यात आधी त्याच्यातून कुणी वजा झालं असेल, तर ती पिपाणी. शंभर इंजिनं चालू असतानाची गोष्ट सोडा, एक बंद पंखा आणि ते दोघं, एवढ्या खोलीतही तिची हाक त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. हे तिला उमगलं तेव्हा ती कापडात तोंड खुपसून रडली. मोठ्याने रडली तरी चालण्यासारखं होतं, पण सवय नव्हती.

मग तिने रफू करायला घेतला. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी तो आंघोळीला गेला की ती त्याच्या बुटांच्या पॉलिशची डबी घेऊन खाली जायची आणि घोरपडीच्या बंपरखालची खरवडलेली पट्टी काळी करून ठेवायची. तो कामावर गेला की तारेच्या ब्रशने रॅम्पच्या कडेवरचे काळे ओरखडे घासून काढायची. "पॉलिश हल्ली फार लवकर संपतं," तो एकदा म्हणाला. "चालणं वाढलंय तुमचं," तिने त्याच्यासमोर येऊन, तोंड नीट हलवत उत्तर दिलं. घरात ती आता त्याच्याशी पाठमोरी बोलत नसे. आवाज जाड करून, छातीतून काढून बोलायचा तिने सराव केला. परगावी राहायला गेलेली लेक फोनवर विचारायची, बाबा बोलायला का येत नाहीत? "फोन म्हटला की अंगावर पाल पडल्यासारखं करतात," ही सांगायची. लेक हसायची.

रॅम्पवरची रीतही तिने बदलली. "माझे खांदे दुखतात हो," म्हणून तिने एक बांबू आणवला, आणि हॉर्न वाजायच्या आधीच शटर वर करून त्याला बांबूचा टेकू द्यायला लागली. आता मध्ये थांबायची गरजच उरली नाही. स्वतः ती शटरसमोरून हटून भिंतीला चिकटून बाजूला उभी राहायची आणि नाक वर आलं की बॉनेटवर तळहाताने धप्प अशी थाप मारायची. थाप त्याला कळायची. थाप पडली की तो चाक सरळ करून न थांबता आत जायचा. "हे काय नवीन, गाडीला बडवणं?" त्याने विचारलं. "लाड करते तिचे," ती म्हणाली. गाडीचा आरसा आणि तिची बरगडी यांत वीतभर अंतर राहायचं. रोज संध्याकाळी ती श्वास आत ओढून भिंतीला टेकायची आणि मनाशी म्हणायची, आजचं झालं.

हे त्याला कळत होतं की नव्हतं, हे तिला कधी नीट समजलं नाही. तो हल्ली फार बोलायचा. आल्यापासून जेवण होईपर्यंत एकटाच बोलायचा, कारण बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही. आवाजांच्या नकला मात्र त्याने बंद केल्या होत्या. तिनेही कधी विचारलं नाही. दोघांची अळीमिळी गुपचिळी.

एक दिवस गॅरेजातला रंगारी दुपारीच दाराशी आला. कपड्यांवर निळे शिंतोडे, हातात टोपी. पाणी प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, रागावू नका. काल एका बाईंची गाडी यांनी दुरुस्त झाली म्हणून सोडली. मागे पोर झोपलं होतं. ब्रेक इतके किंचाळत होते की मी रंगाचा फवारा टाकून पळत फाटकाशी गेलो. यांच्या शेजारून गेली गाडी, आणि हे हात हलवत होते."

"सर्दी झालीय त्यांना," पिपाणी म्हणाली. "कान दडलेत."

रंगाऱ्याने पेला खाली ठेवला. "दडलेले कान उघडतात, वहिनी."

"उघडतील."

"मालकाला मी काही बोललो नाही. पण मी दर वेळी फाटकाशी कसा असणार?" त्याने टोपी डोक्यावर घातली. "तुम्ही सांगा त्यांना. माझ्याकडून कळलं तर मोडून पडेल माणूस."

त्या संध्याकाळी सांगायचंच असं तिने ठरवलं. पानं घेतली, समोर बसली, तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच तो म्हणाला, "आज मालक काय म्हणाले माहीत आहे? म्हणे, आजार शोधायचं ते नवीन मशीन सगळ्यांनी घेतलंय, पण मी घेणार नाही. माझं मशीन फाटकातून चालत आत येतं." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. पिपाणीने त्याला वाढलं, आणि सांगायचं राहिलं. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर लेक आली की तिच्या समोर. ज्याला सांगायचं असतं तो असे दिवस ढकलत नाही, हे तिलाही कळत होतं. रात्री तिला वाटायचं, त्या बाईच्या गाडीत मागे झोपलेलं पोर आपल्या ओळखीचं आहे.

लेक आली ती नेमकी पिपाणी आजारी पडली त्या दिवशी. आदल्या दिवसापासूनच अंग मोडून आलं होतं. सकाळी उठली तर घसा पार बसलेला, तोंडातून नुसता वारा. तो निघताना दाराशी वळून म्हणाला, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "घसा बसलाय हो," पण ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. त्याला तिचे ओठ हललेले दिसले. "हो, हो, येतो लवकर," असं काहीतरी अंदाजाने बोलून तो गेला. नवऱ्याला बायकोचा आवाज गेलेला कळला नाही. रोज तसाच तर असायचा त्याच्यासाठी.

दुपारी लेक आली, आणि आईच्या कपाळाला हात लावून हसली. "काय गं आई, पिपाणी बंद पडली की काय तुझी?" मग तिने औषध दिलं, पांघरूण घातलं, खिडकीशी पडलेली सुईदोऱ्याची पेटी आवरली. पिपाणी तिच्याकडे बघत पडून राहिली. हिला सांगायला हवं होतं. पण खुणांनी काय काय सांगणार? कान दाखवायचा, मग गाडी, मग शटर, मग इतक्या महिन्यांचं खोटं. आणि लेकीचं तोंड पडेल, ती लगेच बापाजवळ जाऊन रडेल. त्यापेक्षा हॉर्नच्या आधी आपणच उठू, शटर वर करू, थाप मारू, बसू येऊन. काय लागतं त्याला? असा विचार करता करता औषधाने तिचे डोळे मिटले.

जाग आली ती हॉर्ननेच. दोनदा वाजला होता की एकदा, कळेना. खोलीत लेक नव्हती. खिडकीतून संध्याकाळचा पिवळा उजेड आत येत होता, आणि खालून लेकीचा आवाज येत होता, लहानपणी यायचा अगदी तसाच, हौसेने भरलेला. "या बाबा, या... अजून डावीकडे..."

पिपाणी पांघरूण फेकून खिडकीशी गेली. खाली बघितलं तर शटर बंद. बांबू कोपऱ्यात तसाच उभा. आणि बंद शटरसमोर, रॅम्पच्या डोक्यावर, जिथे आई उभी राहायची तिथे लेक. घोरपड तिरकी आली, कडेवर चढली, आणि पट्टी करकरत सिमेंटवर घासत गेली. लेक दचकली. "बाबा, घासतेय! मागे घ्या ना!" गाडी पुढेच आली. नाक वर उचललं गेलं. चाक सरळ करायला कानसेनने क्लच दाबला, तशी गाडी क्षणभर अडखळली.

"थांबा!" लेक म्हणाली, आणि गाडी थांबलेली बघून तिने वळून पाठ केली, वाकली, दोन्ही हात शटरच्या कडीत घातले.

पिपाणीने हाक मारली. सगळ्या आयुष्यात कधी मारली नव्हती इतक्या जोरात मारली. घशातून वारा आला. लेकीला काही ऐकू गेलं नाही, आणि त्याला तर गेलंच नसतं. खाली इंजिन गुरगुरलं आणि गाडी पुढे सरकली, निर्धास्त, थापेचीही वाट न बघता, कारण ती त्याच्या लेखी नुसते लाड होते, आणि गेले कित्येक महिने तिथे शटर नसायचंच.

मला फक्त आभाळ दिसतं आणि तुझी खिडकी. हे तिला आठवलं असं म्हणता येणार नाही, आठवायला वेळच नव्हता. तिच्या हातांनी खिडकीची दारं धाडकन उघडली, ती चौकटीवरून कमरेपर्यंत बाहेर झुकली आणि दोन्ही तळवे पुढे ढकलत राहिली, पुन्हा पुन्हा, जणू वरूनच गाडीला मागे लोटणार होती. काचेपलीकडे, उचललेल्या नाकाच्या वर, कानसेनचा चेहरा तिला दिसला. तो नेहमीसारखा खिडकीकडेच बघत होता. तिला बघून तो आधी हसला.

मग त्याने ब्रेक दाबला.

शटर दणाणलं. बंपर लेकीच्या पोटऱ्यांना लागून तिला शटरवर दाबून थांबला होता. ती किंचाळली नाही, नुसती "बाबा" म्हणाली, लहान पोरीसारखी. त्याने गाडी हातभर मागे घेतली, हँडब्रेक ओढला आणि धडपडत उतरला. लेक रॅम्पवर बसली होती, पाय पोटाशी धरून. मोडलं काही नव्हतं, कातडी सोलवटली होती. "मी थांबा म्हटलं," ती रडत म्हणाली. "किती जोरात म्हटलं मी, बाबा!"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ओठ कळले असावेत, कारण त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. समोर मास्तर बाल्कनीत उभे होते. या खेपेला त्यांनी बोट वर केलं नाही, मान खाली घातली. कानसेनने त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. मग तो गुडघ्यांवर बसला आणि बंपरखाली हात घालून पट्टीवरून बोट फिरवलं. ताज्या ओरखड्याच्या बाजूला पट्टी काळीभोर, चकचकीत होती. त्याने बोट बाहेर काढलं. ते काळं झालं होतं. त्याने ते नाकाजवळ नेलं.

बुटांचं पॉलिश ओळखायला कान लागत नाहीत. त्याने मान वर केली. खिडकीत पिपाणी तशीच झुकलेली होती, केस सुटलेले, तळवे अजून पुढेच.

"आवाज आला का?" त्याने विचारलं. रोजचाच प्रश्न, पण या वेळी घोगरा, हळू.

त्या प्रश्नाला तिने आयुष्यात पहिल्यांदा होकारार्थी मान हलवली.

"रोज यायचा?"

आता लपवायचं काही उरलं नव्हतं. चौकट घट्ट धरून ती सगळं सांगायला लागली. पहिल्या दिवसापासून, त्या बाईच्या गाडीपर्यंत, रंगाऱ्यापर्यंत, त्याला दिलेल्या शब्दापर्यंत. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि बसलेल्या घशातून एक अक्षर बाहेर पडत नव्हतं. लेक खाली मान घालून रडत होती, तिने वर पाहिलंच नाही.

कानसेन खाली उभा राहून बायकोच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होता. ती एवढ्या जिवाच्या आकांताने ओरडतेय, आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही, अगदी काहीच नाही. त्याने काळं झालेलं बोट कानात घातलं, हलवलं, काढलं, पुन्हा वर पाहिलं. ती बोलतच होती.

"अगं, मोठ्याने बोल ना," तो म्हणाला.